उत्तर मिनेसोटात तळ्याकाठी एक आठवडा: आधी किनारा निवडा, केबिन नंतर

मे महिना आला की मिनियापोलिसकडच्या आपल्या मंडळींच्या गप्पांमध्ये एक प्रश्न हमखास येतो, "यंदा अप नॉर्थ कधी?" अप नॉर्थ म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा उत्तरेकडचा जंगलपट्टा. पाइन, स्प्रूस आणि बर्चची झाडी, आणि त्या झाडीत जिकडे तिकडे तळी. मिनेसोटा 'दहा हजार तळ्यांचं राज्य' म्हणवतं, पण दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर सरकारी आकडा ११,८४२ भरतो. पर्याय इतके असले की माणूस फोटो बघून निवड करतो. पहिल्या वर्षी आम्हीही तेच केलं.

केबिन, म्हणजे तळ्याकाठचं भाड्याचं छोटं घर, देखणी होती, पण उंच कड्यावर. खाली पाण्यापर्यंत पंचावन्न लाकडी पायऱ्या. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईला गुडघ्यांमुळे त्या एकदाच उतरता आल्या. काठाला गाळ होता आणि दोन पावलांवर पाणी कमरेच्या वर जात होतं, त्यामुळे चार वर्षांची मुलगी आठवडाभर कुणाच्या ना कुणाच्या कडेवर राहिली. मालकांनी काही लपवलं नव्हतं. आम्ही फोनवर वायफाय आणि पलंग यांचीच चौकशी केली होती. तेव्हापासून घरातलं सगळ्यांत लहान मूल आणि सगळ्यांत वयस्कर माणूस डोळ्यांसमोर ठेवायचं आणि त्या दोघांना झेपेल असा किनारा शोधायचा, ही आमची पद्धत आहे. मधल्या वयाचे सगळे कुठेही रमतात.

तारखा

अगदी उत्तरेकडच्या तळ्यांवरचा बर्फ एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला वितळतो. जूनमध्ये दिवस मोठे असतात, रात्री नऊपर्यंत उजेड असतो, पण पाणी गार असतं आणि डास व चावऱ्या काळ्या माश्या ऐन भरात असतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाणी साधारण ७० अंश फॅरेनहाइटपर्यंत (२१ सेल्सिअस) तापतं, लहान मुलं निळी न पडता तासभर खेळू शकतात. जुलैअखेरीस जंगलात रानटी ब्लूबेरी पिकायला लागतात. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर जुलैचा शेवटचा ते ऑगस्टचा दुसरा आठवडा हाच काळ मी सुचवेन. १२ ऑगस्टच्या आसपास पर्सिड उल्कावर्षाव असतो. डॉकवर, म्हणजे काठावरून पाण्यात गेलेल्या लाकडी धक्क्यावर, पाठ टेकून तो बघायला मिळाला तर सोडू नका.

हंगामात बहुतेक छोटी कौटुंबिक रिसॉर्टं शनिवार ते शनिवार अशीच केबिन देतात. मागच्या वर्षी आलेल्या कुटुंबाला तोच आठवडा पुन्हा घेण्याचा पहिला मान असतो. त्यांनी सोडलेले आठवडे हिवाळ्यात मोकळे होतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत थेट फोन करा. कित्येक जुनी रिसॉर्टं मोठ्या बुकिंग साइटवर दिसतच नाहीत. फक्त दोन-तीन रात्री हव्या असतील तर जूनच्या सुरुवातीला किंवा ऑगस्टअखेर नशीब आजमावा.

कोणत्या बाजूला जायचं?

ब्रेनर्डचा तळ्यांचा पट्टा मिनियापोलिसहून सव्वादोन-अडीच तासांवर आहे. दुकानं, दवाखाने, रस्ते सगळं जवळ, म्हणून तान्हं मूल असेल तर पहिली खेप इथेच करावी. पण पाण्यावर मोटरबोटींची वर्दळ फार. पार्क रॅपिड्स आणि वॉकरची बाजू सव्वातीन तासांची. इथून इटास्का स्टेट पार्क जवळ पडतं. १८९१ साली स्थापन झालेलं हे राज्यातलं सगळ्यांत जुनं स्टेट पार्क, आणि मिसिसिपी नदी इथल्या तळ्यातून निघते. उगमाशी ती इतकी लहान आहे की दगडांवर पाय देत पलीकडे जाता येतं. माझ्या वडिलांनी पँट दुमडून ती ओलांडली आणि नंतर आठवडाभर भारतात फोनवर प्रत्येकाला ते सांगत होते.

ईली आणखी लांब, चार तासांहून थोडं जास्त. खडकाळ किनारे, स्वच्छ पाणी, आणि पलीकडे सुरू होणारं बाउंडरी वॉटर्स हे सुमारे अकरा लाख एकरांचं राखीव रान. तिथे मे ते सप्टेंबर मुक्कामाला आधीच परवाना काढावा लागतो आणि सामान पाठीवर वाहावं लागतं, पण ईलीच्या बाहेरच्या तळ्यांवर केबिनमध्ये राहून त्या रानाची चव घेता येते. लेक सुपीरियरचा काठ देखणा आहे, पण पाणी भर उन्हाळ्यातही हाडं गोठवणारं. पोहण्याची सुट्टी हवी असेल तर आतल्या लहान तळ्यांकडे वळा.

किनारा कसा वाचायचा

या कामाला एक संध्याकाळ द्या. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची, म्हणजे डीएनआरची, 'लेकफाइंडर' ही मोफत सोय आहे. तळ्याचं नाव टाकलं की आकार, खोलीचा नकाशा, पाण्याचा नितळपणा, मासे आणि बाहेरून शिरलेल्या उपद्रवी जीवांची नोंद मिळते.

खोलीचा नकाशा उघडा आणि रिसॉर्टची जागा शोधा. काठाला समांतर वाकड्या रेषा दिसतील, प्रत्येकीवर फुटांत खोली लिहिलेली. पहिली रेषा काठापासून दूर असेल तर उतार मंद आहे, मुलं बरंच आत चालत जाऊ शकतील. रेषा काठाशी एकमेकींना चिकटलेल्या असतील तर तिथे तळ एकदम खाली जातो. आमच्या त्या पहिल्या तळ्याचा नकाशा मी नंतर पाहिला. केबिनसमोर तीन रेषा जवळजवळ एकावर एक होत्या. पाच मिनिटांत कळण्यासारखं होतं.

पुढे तळ्याचा आकार. मिल लॅक्स हे तळं सुमारे १,३२,००० एकरांचं आहे. अशा पाण्यावर दुपारचा वारा चांगल्याच लाटा उठवतो, आणि लहान बोटीत बसलेल्या आजोबांना ते मुळीच मानवत नाही. दोनशे ते पाचशे एकरांचं तळं कुटुंबाला पुरेसं होतं. कायाक घेऊन एका सकाळी काठाकाठानं बराच फेरफटका होतो आणि मुलं कुठे आहेत ते डॉकवरून दिसतं.

दिशाही बघा. उन्हाळ्यात वारा बहुतेक वेळा पश्चिमेच्या अंगानं येतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर सूर्यास्त सुंदर दिसतो, पण दुपारच्या लाटा आणि वाहून आलेलं शेवाळंही तिथेच लागतं. पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळी डॉकवर ऊन असतं आणि समोरचं पाणी शांत. मी पूर्व घेते. सूर्यास्त बोटीतून बघता येतो.

फोनवर विचारायचं ते

मालकांशी प्रत्यक्ष बोला. ही माणसं तिथेच राहतात, त्यांना तळ्याचा इंच न् इंच माहीत असतो. आमची यादी अशी: केबिनच्या दारापासून पाण्यापर्यंत पायऱ्या किती, कठडा आहे का? तळाशी वाळू, खडे की गाळ? डॉकच्या टोकाशी पाणी किती? खाली एक तरी झोपायची खोली आणि संडास आहे का, की सगळं माळ्यावर? न्हाणीघरात टब ओलांडून आत जावं लागतं का? आई-बाबांसाठी हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

मग व्यवहाराचं बोला. चादरी, टॉवेल मिळतात की आपण न्यायचे? इथे 'हाउसकीपिंग केबिन' या शब्दाचा अर्थ रोज कुणी साफसफाईला येतं असा नाही. स्वयंपाकघर आणि भांडी मिळतील, घर तुम्ही चालवायचं, असा आहे. बोट भाड्यात धरली आहे का, मोटर वेगळी का, रद्द केलं तर किती पैसे परत, मोबाइलला रेंज येते का, हे विचारून ई-मेलवर लिहून घ्या.

स्वयंपाक

भारतीय किराणा शहरातूनच न्या. लहान गावात दूध, अंडी, पाव, कांदे-बटाटे मिळतात, तूरडाळ मिळत नाही. प्रेशर कुकर, चहाची गाळणी, पोळपाट-लाटणं आणि धार असलेली सुरी आम्ही दर वर्षी नेतो. केबिनमधल्या सुऱ्या बहुधा बोथट असतात. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, लोणचं आणि इडलीचं पीठ एवढं असलं की दोन-तीन दिवस कुणी स्वयंपाकघरात अडकत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण सुट्टीतही चूल एकाच बाईच्या गळ्यात पडते. घरूनच पाळी ठरवून निघा: रात्रीचं जेवण एकेका जोडप्याकडे, दुपारी ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं.

फोडणी जपून. बऱ्याच जुन्या केबिनमध्ये धूर बाहेर ओढणारा पंखा नसतो आणि धुराचा अलार्म चुलीच्या जवळच असतो. खिडक्या उघडून तेल बेतानं तापवा, तळण बाहेर ग्रिलवर कढई ठेवून करा. वास लाकडात मुरतो आणि मागून येणाऱ्या कुटुंबाला तो सोसावा लागतो.

विहिरीच्या पाण्याला कित्येक ठिकाणी लोखंडाचा वास येतो. पिण्याचं पाणी थोडं बरोबर असू द्या. गरम पाण्याची टाकी लहान असते, म्हणून आंघोळी सकाळ-संध्याकाळ विभागा. घरात सेप्टिक टँक असेल तर टॉयलेट पेपरखेरीज काहीही आत टाकायचं नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

बॅगा

रात्री पारा ५५ फॅरेनहाइटच्या (१३ सेल्सिअस) खालीही जातो, म्हणून ऑगस्टमध्येही प्रत्येकाला एक स्वेटर, कानटोपी आणि लांब पँट हवी. पाण्यात घालायचे बूट न्या, खडे आणि शिंपले बोचतात. डोक्याला लावायचे टॉर्च, कोरड्या कपड्यांची एक वेगळी पिशवी, पत्ते, औषधं दोन दिवस जास्तीची. आई-बाबांचा प्रवासी आरोग्यविमा आणि औषधांची यादी कागदावर घ्या, रेंज नसेल तिथे फोनमधली फाइल उघडत नाही.

पोचल्यावर पहिले दोन तास

केबिन बहुधा दुपारी तीन-चारनंतर मिळते. उजेडात पोचाल असं बघा. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात आणि ईलीच्या बाजूला मूससुद्धा. मूस म्हणजे प्रचंड हरणच. तो गडद रंगाचा आणि उंच असतो, गाडीच्या दिव्यात त्याचे पाय दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

सामान उतरवायच्या आधी रस्त्याच्या तोंडाशी लावलेला घराचा आपत्कालीन क्रमांक शोधा. खेड्यात ९११ ला फोन केला की रुग्णवाहिका त्यावरून येते. तो क्रमांक, रस्त्याचं नाव आणि जवळच्या इस्पितळाचं नाव कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मग सगळ्यांनी मिळून डॉकवर जा आणि एक काठी बुडवून टोकाशी पाणी किती आहे ते मुलांच्या देखत मोजा. मुलं स्वतःच्या अंगावर बोट ठेवून दाखवतात, "इथपर्यंत!" आणि ते त्यांच्या लक्षात राहतं.

रात्री लून ओरडतो हे आजीला आधीच सांगा. हा मिनेसोटाचा राज्यपक्षी. काळं डोकं, लाल डोळे, पाठीवर पांढरे ठिपके. अंधारात तो लांबलचक हाक घालतो आणि दुसऱ्या तळ्यावरून उत्तर येतं. माझी आई पहिल्या रात्री दचकून उठली होती. दुसऱ्या रात्री शाल घेऊन अंगणात खुर्चीवर बसली आणि मध्यरात्रीपर्यंत ऐकत राहिली.

पाण्यावर

इथे लाइफगार्ड नसतो, म्हणून ते काम आपणच करायचं. पाण्यात मूल असलं की एक मोठं माणूस फक्त बघायला, वीस मिनिटांच्या पाळीनं. त्या वेळात फोन नाही, गप्पा नाहीत, आणि पाळी सोपवताना मोठ्यानं सांगायचं, "आता तू." चार मोठी माणसं काठावर गप्पा मारत असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. बुडणारं मूल ओरडत नाही, ते आवाज न करता खाली जातं.

चालत्या बोटीत दहा वर्षांखालच्या मुलांनी लाइफ जॅकेट घातलेलंच असलं पाहिजे, असा मिनेसोटाचा कायदा आहे, आणि बोटीत प्रत्येकासाठी एक असावंच लागतं. मुलांची जॅकेटं घरून न्या. रिसॉर्टवर मोठ्यांच्या मापाची असतात, लहान मापाची मिळतीलच असं नाही. घातल्यावर दोन्ही खांद्यांशी धरून वर उचला. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं होतंय. ज्यांना पोहता येत नाही अशा आजी-आजोबांनाही घाला, तराफ्यासारखी सपाट पाँटून बोट कितीही स्थिर वाटली तरी.

फुगवलेल्या हंसावर किंवा गादीवर मुलांना एकटं सोडू नका. वारा काठाकडून आत वाहत असेल तर पोहून गाठता येणार नाही इतक्या वेगानं ती गादी दूर जाते. गार पाण्यात पडलं तर पहिलं एक मिनिट फक्त श्वास सावरण्यात जातं, नंतर साधारण दहा मिनिटं हातपाय नीट चालतात. त्या वेळी तरंगत ठेवतं ते अंगातलं जॅकेट. मेघगर्जना ऐकू आली की काठावर या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात जाऊ नका. ही वादळं किरकोळ नसतात. ४ जुलै १९९९ ला एका वादळानं बाउंडरी वॉटर्समधल्या लाखो एकरांतली झाडं आडवी केली होती.

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर त्या दिवशी पोहणं बंद, तो विषारी असू शकतो. पोहून आल्यावर टॉवेलनं लगेच घसघसून अंग पुसा. त्वचेवर खाज आणणारे सूक्ष्म परजीवी पाणी सुकताना आत शिरतात. जळू लागली तर नखानं बाजूला सरकवली की सुटते.

डास आणि गोचीड

डास उपद्रव देतात. गोचिडीकडे मात्र जास्त गंभीरपणे बघा. काळ्या पायांची गोचीड लाइम हा आजार पसरवते आणि तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. रानवाटेवर मधोमध चाला, पँट मोज्यांत खोचा, अंगाला २० ते ३० टक्के डीट (कीटक दूर ठेवणारं औषध) असलेलं मलम किंवा फवारा लावा. बूट आणि पँटवर घरीच परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून पूर्ण वाळवून आणा. ते अंगाला लावायचं नसतं.

रोज रात्री आंघोळीच्या वेळी मुलांच्या कानांमागे, केसांत, काखेत, गुडघ्यांमागे, कमरेच्या इलॅस्टिकखाली बोट फिरवून बघा. चिकटलेली सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीला लागून पकडा आणि सरळ वर ओढा. रॉकेल, व्हॅसलीन, पेटती काडी असले उपाय करू नका. लाइमचा जंतू अंगात जायला गोचीड सहसा चोवीस तासांहून जास्त चिकटून राहावी लागते, म्हणून रोजची तपासणी उपयोगी पडते. महिनाभरात ताप आला किंवा पसरत जाणारं लाल वर्तुळ उठलं तर डॉक्टरकडे जा. आई-बाबा तोवर भारतात परतले असतील, तर तिथल्या डॉक्टरांना मिनेसोटाच्या जंगलात राहून आल्याचं आवर्जून सांगायला लावा. हा आजार तिथे चटकन कुणाच्या मनात येत नाही.

अस्वलं काळी आणि बुजरी असतात, पण वासावर येतात. रात्री बाहेर खरकटं, कूलर किंवा कचरा ठेवू नका.

मासे

सोळा वर्षांपुढे परवाना लागतो, तो ऑनलाइन मिळतो. मुलांसाठी डॉकवरून सनफिश पकडणं उत्तम: लहान हूक, दोन-तीन फुटांवर तरंगता बॉबर आणि गांडुळाचा नखाएवढा तुकडा. बॉबर थरथरतो, एकदम खाली जातो, आणि पोराचा श्वास अडकतो. तिथे आपण हात न लावता उभं राहायचं. हुकाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका, मासा आणि बोट दोन्ही सुरक्षित सुटतात. शिशाची वजनं वापरू नका, ती गिळून लून मरतात.

उरलेली गांडुळं जंगलात सोडायची नाहीत, कचऱ्यात टाकायची. हिमयुगानंतर या उत्तरेच्या रानात मूळची गांडुळं नव्हतीच. बाहेरून आलेली गांडुळं जमिनीवरचा पानांचा थर खाऊन टाकतात आणि त्यावर जगणारी झाडं मरतात. शेतकऱ्याच्या मित्राबद्दल हे ऐकून बाबांना खरंच वाटेना.

वॉलआय हा इथला राज्यमासा. पांढरा, गोडसर, काटे कमी. मालवणी मसाला आणि रवा लावून तळला की पापलेटाची आठवण होते. संधिप्रकाशात तो काठाजवळ येतो. किती मासे ठेवता येतात हे तळ्यागणिक बदलतं, आधी तपासा. लहान मुलं आणि गरोदर बायकांनी पाऱ्यामुळे तो कमी खावा, त्यांच्यासाठी राज्याच्या आरोग्य विभागानं प्रमाण ठरवून दिलं आहे.

मधले दिवस

सात दिवसांत दोनच सहली ठरवा. ईलीकडे असाल तर लांडग्यांचं केंद्र आणि अस्वलांचं केंद्र, वॉकरकडे असाल तर इटास्का. बाकीचे दिवस रिकामे ठेवा. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी मुलं "कंटाळा आला" म्हणतात, मी काही सुचवत नाही, आणि तासाभरानं ती काठावर बेडकांसाठी दगडांचं घर बांधत असतात. गावातून हातानं गोळा केलेला वाइल्ड राइस आणा. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला मानोमिन म्हणतात. हा आपला तांदूळ नव्हे, उथळ पाण्यात वाढणाऱ्या गवताचं बी आहे. आई तो मूग घालून शिजवते.

शेकोटीची लाकडं तिथेच विकत घ्या, घरून नेऊ नका. ॲश झाडं मारणारी कीड लाकडातून पसरते. झोपताना पाणी ओतून राख ढवळा, तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन गार झाल्याची खात्री करा.

निघताना

स्वतःची बोट किंवा कायाक नेलं असेल तर काठावरच पाणवनस्पती काढा, पाणी ओता, आणि बोटीचं बूच काढूनच रस्त्याला लागा. हा कायदा आहे, कारण झेब्रा शिंपले असेच एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. माशांसाठी आणलेलं जिवंत आमिष पाण्यात ओतू नका.

केबिन झाडा, फ्रिज रिकामा करा, पलंगांखाली मोजे शोधा. मग चावी द्यायला जाल तेव्हा मालकांशी पाच मिनिटं उभं राहून बोला. केबिन आवडली असेल तर तिचा क्रमांक आणि हाच आठवडा पुढच्या वर्षासाठी तिथल्या तिथे मागून घ्या, कारण गाडी सुरू करेपर्यंत पहिला मान तुमचा असतो असं समजा. आई-बाबा पुढच्या वेळी कधी येणार आहेत ते मात्र त्याआधी विचारून ठेवा.